नदीचे खोरे, पाण्याची वाटणी आणि गावाची भाकर

(इयत्ता ५ वी ते ७ वी. भूगोल, अंकगणित व नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी चार तासिकांचा पाठ)

प्रास्ताविक

आपल्या शाळांतून नद्यांचा पाठ बहुधा उगम, लांबी, उपनद्या व मुख यांच्या यादीने सुरू होतो आणि तेथेच संपतो. तापी मुलताई येथे उगम पावते हे विद्यार्थी पाठ करतो. परंतु आपल्या घरामागील ओढ्याचे पाणी कोणत्या नदीस मिळते, असे विचारल्यास तो गोंधळतो. ज्या गावातील शेतकऱ्याचे पीक, मजुराची मजुरी आणि गुरांचा चारा ही सारी पाण्यावर अवलंबून आहेत, त्या गावच्या मुलास आपल्या पाण्याची वाट ठाऊक नसावी, ही मोठी उणीव होय.

प्रस्तुत पाठात एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावयाची आहे. पाणी अडविले की पीक येते, हे अर्धे सत्य आहे. अडविलेले पाणी कोणी, केव्हा व किती घ्यावयाचे याचा नियम टंचाई येण्यापूर्वी ठरला असेल, तरच ते पाणी साऱ्या गावाच्या उपयोगी पडते. आपल्या नाशिक व धुळे जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी हा नियम पूर्वीच घालून घेतला होता. त्याचा परिचय हा या पाठाचा गाभा आहे.

उद्देश

१. आपले गाव कोणत्या खोऱ्यात येते हे विद्यार्थ्यास सांगता व नकाशावर दाखविता यावे.
२. पावसाचे पाणी व पिकाची गरज यांचा साधा हिशेब त्यास करता यावा.
३. पाणीवाटपाचे नियम का करावे लागतात व ते कशामुळे मोडतात, हे त्यास समजावे.

पूर्वतयारी

जिल्ह्याचा प्राकृतिक नकाशा, ओली माती, झारी, एक मोजपट्टी आणि सरळ बाजूंचा एक डबा एवढे साहित्य पुरेसे आहे. गावातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास अथवा पाटकऱ्यास तिसऱ्या तासिकेस निमंत्रण द्यावे.

तासिका पहिली : खोरे म्हणजे काय?

शाळेच्या अंगणात ओल्या मातीचा एक लांबट डोंगर करावा. त्याच्या दोन्ही बाजूंस उतार ठेवावा व माथ्यावर झारीने पाणी शिंपावे. माथ्यावर पडलेले पाणी दोन वाटांनी जाते हे मुले स्वतःच पाहतील. पाणी वेगळे करणाऱ्या या माथ्यास पाणलोटाची सीमा किंवा जलविभाजक म्हणतात. आणि एका नदीकडे ज्या ज्या भूमीवरचे पाणी वाहत येते, त्या साऱ्या भूमीस त्या नदीचे खोरे म्हणतात.

यानंतर नकाशाकडे वळावे. नाशिक जिल्ह्यात सातमाळा डोंगराची रांग पूर्व-पश्चिम पसरली आहे. तिच्या उत्तरेस पडलेला पाऊस गिरणा नदीस मिळतो. गिरणा कळवण व मालेगाव तालुक्यांतून वाहत पुढे जळगाव जिल्ह्यात तापीस मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. त्याच रांगेच्या दक्षिणेस पडलेला पाऊस मात्र गोदावरीत उतरतो व १,४६५ किलोमीटरचा प्रवास संपवून बंगालच्या उपसागरास जाऊन मिळतो. एकाच डोंगराच्या दोन अंगांवर पडलेले दोन थेंब देशाच्या दोन टोकांच्या समुद्रांस मिळतात, ही गोष्ट मुलांना फार आवडते.

तापी ७२४ किलोमीटर लांब आहे. तिचे खोरे ६५,००० चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक असून त्याचा सुमारे चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात येतो. उगम मध्य प्रदेशात आणि मुख गुजरातेत आहे. जिल्ह्याच्या, राज्याच्या सीमा माणसांनी आखल्या. पाण्यास त्या ठाऊक नाहीत. तेव्हा वरच्या गावाने ओढा अडविला, वाळू उपसली किंवा विहिरीतून फार पाणी खेचले, तर त्याचा परिणाम खालच्या गावावर होतोच. विहिरीचे पाणी हेही खोऱ्याचेच पाणी होय, हे येथे आवर्जून सांगावे. विहीर माझ्या शेतात असली, तरी तिच्यात पाझरणारे पाणी शेजाऱ्याच्या शेताखालून आलेले असते.

तासिका दुसरी : पाण्याचा हिशेब

धान्याचा हिशेब प्रत्येक घरात होतो. कणगीत किती, खाणारी माणसे किती व पुढचा हंगाम किती महिन्यांनी, हे गृहिणी बरोबर जाणते. पाण्याचा हिशेबही याच रीतीने मांडता येतो.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर तेथे एक लिटर पाणी जमते. हे एक सूत्र मुलांनी पक्के करावे. त्यावरून एक हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर आणि एका गुंठ्यावर सुमारे १०० लिटर पाणी होते. शाळेचे छप्पर ८ मीटर लांब व ६ मीटर रुंद असेल आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर असेल, तर छपरावर २४,००० लिटर पाणी पडते. मुलांनी स्वतः छप्पर मोजून हे उदाहरण सोडवावे.

आता पिकांची गरज पाहावी. जमीन, हवा व सिंचनाची पद्धत यांप्रमाणे ती बदलते. तथापि वर्गातील हिशेबासाठी पुढील ढोबळ आकडे धरावेत. हरभऱ्यास सुमारे २५ सेंटिमीटर, गव्हास सुमारे ४० सेंटिमीटर आणि पाटाने भिजणाऱ्या उसास सुमारे २०० सेंटिमीटर पाणी लागते. म्हणजे एक हेक्टर उसाच्या पाण्यात पाच हेक्टर गहू किंवा आठ हेक्टर हरभरा भिजू शकतो.

फळ्यावर पुढील उदाहरण घालावे. एका गावाजवळ बंधारा आहे. त्याखाली प्रत्येकी २५ हेक्टरांचे चार तुकडे, म्हणजे एकूण १०० हेक्टर जमीन आहे. पावसाळ्यानंतर शेतापर्यंत पोहोचेल असे २,५०,००० घनमीटर पाणी हाती आहे. एक हेक्टर हरभऱ्यास २,५०० घनमीटर, गव्हास ४,००० घनमीटर व उसास २०,००० घनमीटर पाणी लागते. तर काय पेरावे?

मुले निरनिराळी उत्तरे काढतील. सर्व पाणी उसास दिले, तर केवळ साडेबारा हेक्टर भिजतील. चारही तुकड्यांत हरभरा पेरला, तर पाणी बरोबर पुरेल, पण गुरांसाठी काहीच उरणार नाही व गावास गहू विकत घ्यावा लागेल. एका तुकड्यात गहू व दोहोंत हरभरा घेतला, तर २,२५,००० घनमीटर लागून ७५ हेक्टर भिजतील, २५,००० घनमीटर गुरांसाठी उरेल आणि चौथा तुकडा पडीक राहील.

येथे शिक्षकाने थांबावे व विचारावे, "चौथ्या तुकड्यात ज्याची जमीन आहे, त्याने काय खावे?" गणित येथे संपते आणि नागरिकशास्त्र सुरू होते. या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या तासिकेत मिळेल.

तासिका तिसरी : फड पद्धत

गिरणेच्या खोऱ्यातील मोसम व आरम या नद्यांवर आणि धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीवर दगडी बंधाऱ्यांची एक मालिकाच आढळते. यांतील काही बंधारे तीनशे वर्षांहून जुने मानले जातात. पांझरा ही साक्री तालुक्याच्या डोंगराळ भागातून निघून धुळे शहरावरून वाहत पुढे तापीस मिळते. या नद्यांच्या काठी जी पाणीवाटपाची रीत रूढ झाली, तिला फड पद्धत म्हणतात.

तिची रचना अशी. नदीत बंधारा घालून पाणी उंचावयाचे. तेथून कालवा किंवा पाट काढावयाचा. पाटातून चाऱ्या व चाऱ्यांतून लहान सारंग काढून पाणी शेतात न्यावयाचे. अधिक झालेले पाणी सांडीवाटे पुन्हा नदीत सोडावयाचे. हे परतलेले व शेतातून पाझरलेले पाणी खालच्या बंधाऱ्यास उपयोगी पडे. त्यामुळे एकाच नदीवर एकाखाली एक असे अनेक बंधारे नांदू शकले.

बंधाऱ्याखालील भिजणाऱ्या जमिनीचे मोठे भाग पाडीत. त्यांपैकी एकेका भागास फड म्हणतात. बहुधा एका गावास असे तीन-चार फड असत. एका फडात एका हंगामी एकच पीक घ्यावयाचे, हा या पद्धतीचा कणा होय. यामागील कारणे मुलांकडून काढून घ्यावीत. शेजारीशेजारी एकच पीक असले की पाणी एका पाळीत सलग देता येते आणि ते वाटेत वाया जात नाही. ऊस एकीकडे व हरभरा दुसरीकडे राहिल्याने उसाचे पाणी हरभऱ्यात झिरपून तो पिवळा पडत नाही. सबंध फडाची राखण एकच माणूस करू शकतो. दरवर्षी फडांतील पिके पालटत असल्याने जमिनीस विसावा मिळतो; ती चिबड किंवा खारवट होण्याचे भय कमी होते.

आता चौथ्या तुकड्याच्या प्रश्नाकडे वळावे. फडाच्या गावांत शेतकऱ्याची जमीन शक्यतो एकाच फडात नसे. प्रत्येक फडात तिचा लहानमोठा पट्टा असे. पावसाळा सरता सरता नदीचे पाणी पाहून गावकरी एकत्र बसत व यंदा कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे आणि कोणता फड पडीक ठेवावयाचा, हे ठरवीत. फड पडीक राहिला, तर प्रत्येकाचा थोडा पट्टा पडीक राही. उसाचा फड झाला, तर प्रत्येकाच्या वाट्यास थोडा ऊस येई. पाण्याची तूट कोणा एकाच्या माथी न बसता सर्वांवर सारखी पसरे. गावातील जमिनीची अशी मांडणीच न्यायाचे अर्धे काम करीत असे.

या व्यवस्थेस माणसेही लागत. पाटकरी पाण्याची पाळी सांभाळी व शेतास पाणी देई. जागल्या पिकाची राखण करी. त्यांवर देखरेख ठेवणाऱ्यास काही ठिकाणी हवालदार म्हणत. त्यांचा मेहनताना पूर्वी बहुधा धान्याच्या रूपाने दिला जाई. पाणी घेणाऱ्याच्या हाती दार न देता ते पाटकऱ्याच्या हाती ठेवल्यामुळे रात्री दार फोडण्याचे व भांडणाचे प्रसंग टळत. हंगामापूर्वी पाटातील गाळ काढण्यासाठी लाभधारकांनी श्रम द्यावयाचे, असाही दंडक होता. पाण्यावर हक्क हवा, तर पाटाच्या दुरुस्तीस हातभार लावला पाहिजे, एवढा साधा त्याचा अर्थ.

पाहुणे म्हणून आलेल्या वृद्ध शेतकऱ्यास या ठिकाणी बोलते करावे. पाळी किती दिवसांची असे, तंटा कोण मिटवी, पाण्याची चोरी झाल्यास काय होई, हे प्रश्न मुलांनी आधी लिहून आणावेत.

फड पद्धत का ढळली?

जुन्याचे केवळ कौतुक करून तासिका संपवू नये. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विहिरींवर तेलाची इंजिने व नंतर विजेचे पंप आले. ज्याच्या विहिरीस पाणी, तो आपल्या मनाप्रमाणे पीक घेऊ लागला व गावाच्या बैठकीचे बंधन सैल झाले. नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाली. उपसा वाढला व नदीचा बारमाही प्रवाह क्षीण झाला. वाटण्या होऊन पट्टे लहान होत गेले. ऊस व इतर नगदी पिकांस बाजारात भाव मिळू लागला. काही बंधारे गाळाने भरले. आज काही ठिकाणी फड पूर्णपणे, तर काही ठिकाणी अंशतः टिकून आहेत.

यात ऊस लावणारा शेतकरी दुष्ट ठरत नाही, हे शिक्षकाने स्पष्ट करावे. मुलीचे लग्न, कर्जाचा हप्ता, मुलाचे शिक्षण हे सारे त्यास पिकातूनच भागवावयाचे असते. प्रत्येकाने आपापल्या परीने शहाणपणाचा निर्णय घेतला, तरी सर्वांचे मिळून पाणी संपू शकते. म्हणूनच नियम सर्वांचा असावा लागतो.

तासिका चौथी : गावापासून खोऱ्यापर्यंत

एका बंधाऱ्याखालील शेतकऱ्यांत जो प्रश्न उद्भवतो, तोच मोठ्या खोऱ्यात जिल्ह्याजिल्ह्यांमध्ये उद्भवतो. त्यासाठी सातमाळा ओलांडून दक्षिणेस गोदावरीकडे यावे. गोदावरीच्या वरच्या अंगास नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांत अनेक धरणे आहेत. खाली पैठण येथे १९७६ साली पूर्ण झालेले जायकवाडी धरण मराठवाड्यातील शेतीस व अनेक शहरांस पाणी पुरविते. पाऊस कमी झाला की वरची धरणे आधी भरतात व खालच्याची ओंजळ रिती राहते.

महाराष्ट्र विधिमंडळाने २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. तुटीच्या वर्षी एकाच उपखोऱ्यातील धरणांनी तूट वाटून घ्यावी, असे तत्त्व त्यात आहे. या तत्त्वानुसार प्राधिकरणाने २०१४ साली आदेश दिला. १५ ऑक्टोबरच्या सुमारास सर्व धरणांचा साठा पाहावयाचा. जायकवाडीचा उपयुक्त साठा, खरिपातील वापर धरून, ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून ठरल्याप्रमाणे पाणी सोडावयाचे, असे त्यात ठरले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली या कायद्याचे तत्त्व उचलून धरले. २०१८ व २०२३ साली पाणी सोडण्यात आले, तेव्हा वरच्या भागात विरोध झाला आणि खालच्या भागातून अधिक पाण्याची मागणी झाली. दोघांचीही पिके वाळत असताना असा निर्णय कोणालाही गोड लागत नाही. तथापि नियम आधी ठरलेला असला, तर वाद निदान एका आकड्याभोवती राहतो.

फडाच्या गावातील बैठक व प्राधिकरणाची ही तारीख यांतील साम्य मुलांनी ओळखावे. दोन्ही ठिकाणी पावसाळा संपताच, साठा मोजून, रब्बीच्या पेरणीपूर्वी निर्णय होतो.

यासोबत शेवटच्या शेतकऱ्याचा विचार आला पाहिजे. कालव्याच्या मुखाजवळचा शेतकरी भरपूर पाणी घेतो व शेपटाकडच्यास थेंब मिळत नाही, हा अनुभव बहुतेक कालव्यांवर येतो. त्यास लोक टेलचा शेतकरी म्हणतात. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझर परिसरातील अशाच टेलच्या शेतकऱ्यांनी १९९० च्या सुमारास पाणीवापर संस्था स्थापन केल्या. पाणी मोजून घ्यावयाचे व मोजलेल्या पाण्याचीच पट्टी भरावयाची, ही पद्धत त्यांनी अंगीकारली. पुढे कालव्यावरील इतर गावांनीही संस्था काढल्या. २००५ च्या दुसऱ्या एका कायद्याने अशा संस्थांकडे सिंचनाचे व्यवस्थापन सोपविण्याची तरतूद राज्यभर केली.

ज्याच्यापाशी जमीनच नाही, त्याचे काय, असा प्रश्न एखादा मजुराचा मुलगा विचारील. तो विचारीत नसेल, तर शिक्षकाने विचारावा. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, नायगाव येथे, विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने न देता घरातील माणसांच्या संख्येने ठरे. पाणी पंचायतीच्या पाण्यावर ऊस घ्यावयाचा नाही असा नियम होता. आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क मान्य होता. मेंढपाळ, भोई, कुंभार, शेतमजूर यांची उपजीविकाही खोऱ्याच्या पाण्यावरच चालते. म्हणून पाण्याचा हिशेब मांडताना केवळ सात-बाराचा उतारा पाहून भागत नाही.

वर्गातील उपक्रम : फडाची बैठक

वर्गाचे चार गट करावेत. अंगणात चुन्याने चार फड आखावेत व प्रत्येक गटास प्रत्येक फडात एक पट्टा द्यावा. डब्यातील पाणी मोजपट्टीने मोजावे व तेवढेच पाणी यंदा मिळणार, असे सांगावे. उसास पाच वाट्या, गव्हास एक वाटी व हरभऱ्यास पाऊण वाटी पाणी, असे सोयीचे माप ठरवावे. एक मुलगा किंवा मुलगी पाटकरी होईल. गटांनी चर्चा करून पिके ठरवावीत. दुसऱ्या खेपेस प्रत्येक गटाचे चारही पट्टे एकाच फडात द्यावेत, डब्यात निम्मेच पाणी ठेवावे व पुन्हा बैठक घ्यावी. दोन्ही बैठकांतील बोलण्यात कोणता फरक पडला, हे मुलांनी वहीत लिहावे.

तपासणीचे प्रश्न

१. तुमच्या गावच्या ओढ्याचे पाणी कोणकोणत्या नद्यांतून कोणत्या समुद्रास मिळते?
२. एका एकरावर (४० गुंठे) २० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे किती लिटर पाणी पडले?
३. एका फडात एकच पीक घेण्याची तीन कारणे लिहा.
४. पाटाचे दार पाटकऱ्याच्याच हाती का ठेवीत?
५. वरच्या धरणाजवळचा शेतकरी व खालच्या धरणाजवळचा शेतकरी यांतील संवाद दहा ओळींत लिहा. दोघांचीही बाजू यावी.

शिक्षकांस सूचना

एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांची घरे पाण्यावरून भांडत असण्याचा संभव असतो. एकाचे शेत कालव्याच्या मुखाशी, तर दुसऱ्याचे शेपटाशी असते. म्हणून वर्गात गावातील कोणाचेही नाव घेऊन उदाहरण देऊ नये आणि चालू तंट्यावर शिक्षकाने निवाडा देऊ नये. आकडे व नियम पुढे ठेवून मुलांना विचार करू द्यावा.

हा पाठ शक्यतो ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावा, म्हणजे गावातील नदी, तलाव व विहिरींची पातळी ताजी असताना मुलांना ती मोजता येईल. पाच विहिरी निवडून त्यांची पाणीपातळी ऑक्टोबर, जानेवारी व एप्रिल अशी वर्षातून तीन वेळा शिक्षकाच्या देखरेखीखाली, विहिरीपासून सुरक्षित अंतर राखून, दोरीने मोजावी व एका वहीत नोंदवावी. दरवर्षीच्या नव्या वर्गाने तीच वही पुढे चालवावी. चार-पाच वर्षांत त्या वहीतील आकडे ग्रामसभेत वाचून दाखविण्याजोगे होतील. पेरणीपूर्वी गाव पाण्याचा विचार करण्यास बसेल, तेव्हा त्याच्यापुढे ठेवण्यास शाळेजवळ काही तरी खात्रीचे असावे.